प्रवेश विनामूल्य

किंमत न देता मिळणाऱ्या वस्तूसाठी आपल्या मराठीत तीन शब्द आहेत आणि तिघांचे स्वभाव तीन तऱ्हांचे आहेत. ‘फुकट’ या शब्दात घेणाऱ्याविषयी थोडी तुच्छता आहे. फुकट खाणाऱ्याला आपण पंक्तीत बसू देतो, पण त्याने किती पुऱ्या घेतल्या हे मनातल्या मनात मोजतो. ‘मोफत’ म्हटले की सरकारी दवाखान्यातील रांग डोळ्यांपुढे उभी राहते. ‘विनामूल्य’ हा तिघांतला सोवळ्यातला शब्द. तो व्याख्यानमालेच्या मंडपाबाहेरच शोभतो. मात्र एक गोष्ट तिन्ही शब्दांत सारखी आहे. घेणाऱ्याला काही द्यावे लागत नाही, एवढेच ते सांगतात. देणाऱ्याचे काय होते याविषयी तिघेही मूग गिळून बसतात.

मी पेशाने शिक्षक. फळ्यावर शब्दांचे अर्थ लिहावेत आणि फावल्या वेळी कादंबऱ्या लिहाव्यात, असे माझे आयुष्य चालले आहे. कादंबरीकाराला या ‘विनामूल्य’ शब्दाशी वरचेवर गाठ घालावी लागते. पुस्तक छापून आले की दहा स्नेही भेटप्रत मागतात आणि अकरावा त्यांच्यापैकीच एकाची प्रत वाचायला नेतो. त्यात रागावण्यासारखे काही नाही. लेखकाला वाचकच हवा असतो. तथापि या शब्दाचा खरा पीळ माझ्या ध्यानात आला तो दूर इंग्लंडमध्ये, एका पबच्या अंगणात.

‘पब’ हा शब्द वाचून घरातल्या वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठी पडेल, हे मी जाणतो. दिवाळीच्या अंकात आणि दारूच्या दुकानाची गोष्ट! पण ‘पब’ म्हणजे ‘पब्लिक हाउस’, सर्वांचे घर. आपल्याकडच्या गुत्त्याशी त्याचे नाते मद्यापुरतेच आहे. इंग्लंडमधल्या खेड्यात चर्च आणि पब या दोन वास्तू बहुधा हाकेच्या अंतरावर असतात. आपल्याकडे देऊळ आणि पार असतो, तशा. रविवारी दुपारी तिथे आजोबा नातवंडांना घेऊन जेवायला येतात आणि त्यांच्या पायांशी कुत्रे झोपलेले असते. मद्य घेतलेच पाहिजे असा दंडक नाही. मी दिवसभर आल्याच्या चवीचे एक फेसाळ सरबत पीत बसलो होतो आणि कुणी माझ्याकडे वळूनही पाहिले नाही.

मॅट्रिकच्या पुढे न गेलेल्या माझ्यासारख्याला विलायत दिसली ती भाच्यामुळे. तो शेफील्डमध्ये नोकरीला आहे. २०२४ च्या मे महिन्यात, शाळेला सुटी असताना, त्याने मला आग्रहाने बोलावून घेतले. मेच्या शेवटच्या सोमवारी तिथे सार्वजनिक सुटी असते. तिच्या आदल्या रविवारी जवळच्या एका खेड्यातल्या पबात दुपारी बारापासून रात्रीपर्यंत लोकगीते आणि ‘अमेरिकाना’ संगीत होणार होते. ‘प्रवेश विनामूल्य’ असे बाहेर खडूने लिहिले होते. भाचा म्हणाला, “मामा, चला. तुम्हाला गाणी आवडतात, आणि पैसेही पडत नाहीत.”

अंगणात एक जुनी, गवत वाहण्याची गाडी उभी करून तिचाच रंगमंच केला होता. दर अर्ध्यापाऊण तासाने माणसे बदलत. पांढऱ्या दाढीचे एक गृहस्थ कॉन्सर्टिना नावाची हातात मावणारी पेटी वाजवून खलाशांची गाणी म्हणत होते. तीन बायका कसल्याही वाद्याशिवाय, एकमेकींच्या डोळ्यांकडे पाहत, तीन वेगळ्या सुरांत एकच गाणे गायल्या. एका तरुणाने बँजो वाजवला, तर एका मुलीने गिटार. शब्द मला निम्मेच कळत होते. परंतु ध्रुपद आले की सारे अंगण त्यात सामील होई, आणि मग न कळणारे निम्मेही कळल्यासारखे वाटे. तिकडे त्या दिवसांत रात्री नऊनंतरही उजेड असतो. त्या लांबलेल्या संध्याकाळी एक पत्र्याची बादली श्रोत्यांतून फिरू लागली. कुणी नोटा टाकल्या, कुणी नाणी, तर कुणी बादली जवळ येताच आकाशाचे निरीक्षण करू लागले. ही विद्या सर्व देशांत सारखीच अवगत आहे असे दिसते!

मी भाच्याला विचारले, “या लोकांना बिदागी किती मिळते?”

“बिदागी कसली, मामा? जेवण मिळते, बिअर मिळते. फार तर पेट्रोलचा खर्च. बादलीत जमेल ते वाटून घेतात. शिवाय नाव होते ना!”

‘नाव होते’ हे दोन शब्द माझ्या मनात काट्यासारखे रुतले. आपल्याकडे ‘हलवायाच्या घरावर तुळशीपत्र’ अशी म्हण आहे. दान करावे, पण दुसऱ्याच्या मालाचे! दारावर ‘विनामूल्य’ लिहिणारे हे घर असेच कुणा हलवायाचे तर नाही?

पहिला संशय अर्थातच पबच्या मालकिणीवर जातो. पण मी तिच्याशी बोललो तेव्हा माझा संशय बराच निवळला. इंग्लंडमध्ये गेल्या काही वर्षांत शेकडो पब बंद पडले आहेत. वीज महाग, माल महाग, आणि तरुण मंडळी घरीच बसतात. अशा एका भरलेल्या दिवसामुळे हिवाळ्यातले कित्येक रिकामे मंगळवार भरून निघतात, असे ती म्हणाली. संगीत वाजवण्यासाठी तिला परवान्याचे शुल्क द्यावे लागते आणि त्यातून गीतकार-संगीतकारांना मानधन जाते. त्या दिवशी ती सकाळपासून उभी होती. तेव्हा श्रोते बिअरच्या दामातून काही देतात, ती श्रमातून काही देते, आणि गाणारे आपला दिवस देतात. विनामूल्य असे काही नव्हतेच. मूल्य अनेकांत वाटले गेले होते, इतकेच. आता ती वाटणी न्याय्य होती काय, एवढाच प्रश्न उरतो.

याचे उत्तर शोधायचे, तर त्या गाडीवर काय गायले जात होते ते आधी पाहिले पाहिजे. ‘अमेरिकाना’ हे नाव तसे अलीकडचे. १९९० नंतरच्या दशकात ते रूढ झाले, १९९९ मध्ये त्या संगीताची संघटना निघाली, आणि २०१० पासून ग्रॅमी पारितोषिकांत त्याला स्वतंत्र स्थान मिळाले. पण माल जुना आहे. अठराव्या शतकात स्कॉटलंड, आयर्लंड आणि इंग्लंडमधून गरीब माणसे अमेरिकेत गेली, तेव्हा त्यांनी आपली गाणी आणि फिडल बरोबर नेले. आफ्रिकेतून गुलाम करून नेलेल्या माणसांनी बँजोसारख्या वाद्याची आठवण नेली. ॲपलाचियन डोंगरांच्या दऱ्याखोऱ्यांत ही दोन दुःखे शेजारी राहिली आणि त्यांतून नवे संगीत जन्मले. म्हणजे यॉर्कशरच्या त्या अंगणात जे ‘अमेरिकन’ म्हणून वाजत होते, त्यातले पुष्कळसे माहेरी आलेल्या लेकीसारखे होते. अंगावर मात्र सासरचा साज.

हे माहेर-सासर जोडून दाखवणारा माणूस म्हणजे सेसिल शार्प. १९०३ मध्ये सॉमरसेटमधल्या हँब्रिज गावी जॉन इंग्लंड नावाचा एक माळी काम करता करता गाणे गुणगुणत होता. शार्पने ते टिपून घेतले आणि त्याच दिवशी पियानोच्या साथीने सभ्य मंडळींपुढे सादर केले. पुढे १९१६ ते १९१८ या काळात तो मॉड कार्पेलीस हिला सोबत घेऊन ॲपलाचियन डोंगरांत हिंडला आणि दीड हजारांहून अधिक चाली त्याने लिहून आणल्या. शार्प नसता तर त्यांतल्या किती टिकल्या असत्या, कोण जाणे! त्याचे ऋण मोठे आहे. पण त्या माळ्याचे ऋण?

त्याच्याही आधी, १८९८ मध्ये, केट ली नावाच्या बाईंनी ससेक्समधल्या रॉटिंगडीन गावच्या जेम्स आणि टॉमस कॉपर या भावांना बोलावून त्यांची गाणी उतरवून घेतली. टेबलावर व्हिस्कीची बाटली ठेवली होती, आणि भाऊ गात राहिले. बिदागी म्हणाल तर ती बाटली! मात्र त्याच वर्षी स्थापन झालेल्या लोकगीत संस्थेने दोघा भावांना सन्माननीय सदस्य करून घेतले, त्यांचे नाव नोंदले. त्या घराण्याच्या पुढच्या पिढ्या अजूनही ती गाणी गातात. हा व्यवहार मला तरी अन्याय्य वाटत नाही. भावांनी हौसेने दिले, घेणारीने मानाने घेतले, आणि गाणे त्यांच्या घरातून गेलेही नाही.

आता याच्या शेजारी दुसरे चित्र ठेवा. १९२७ च्या ऑगस्टमध्ये टेनेसी राज्यातल्या ब्रिस्टल गावी राल्फ पीअर या गृहस्थाने ध्वनिमुद्रणासाठी डोंगरी गायकांना बोलावले. त्यांत कार्टर कुटुंब होते. दर गाण्याला ५० डॉलर मिळत. कार्टर मंडळींचे नाव झाले आणि नव्या गाण्यांची मागणी वाढली. मग ए. पी. कार्टर गावोगाव हिंडून जुनी गाणी गोळा करू लागला. त्याच्याबरोबर लेस्ली रिडल नावाचा एक कृष्णवर्णीय गिटारवादक असे. अपघातात त्याने पाय गमावला होता, पण त्याचे कान विलक्षण होते. कार्टर शब्द लिहून घेई, रिडल चाल डोक्यात साठवी आणि घरी येऊन कार्टर कुटुंबाला शिकवी. गाण्यांची नोंद मात्र कार्टरच्या नावे होई. जगाला रिडलचा पत्ता लागला तो १९६५ मध्ये, माइक सीगर या संगीतज्ञाने त्याला शोधून काढल्यावर. कार्टर दुष्ट नव्हता. रिडलशी त्याची मैत्री होती. परंतु ज्या काळात आणि ज्या प्रदेशात एका कृष्णवर्णीयाला गोऱ्याच्या शेजारी उभे राहण्याची चोरी होती, तेथे ‘माझे नाव लिही’ असे तो कोणत्या तोंडाने म्हणणार?

त्या संध्याकाळी गिटारवाल्या मुलीने ‘फ्रेट ट्रेन’ हे गाणे म्हटले. म्हणण्यापूर्वी तिने सांगितले, की हे गाणे एलिझाबेथ कॉटन हिचे आहे, आणि ती मोलकरीण होती. एवढेच सांगून तिने तारा छेडल्या. कॉटनबाईंची हकिगत मी मागाहून वाचली. उत्तर कॅरोलायनात लहानपणी रचलेले हे गाणे. डावखुऱ्या असल्यामुळे त्या गिटार उलटी धरून वाजवीत. पुढे संसारात गिटार सुटली. वॉशिंग्टनमध्ये एका दुकानात चुकलेली लहान मुलगी त्यांनी आईच्या हाती दिली आणि त्या ओळखीतून सीगर कुटुंबात त्यांना घरकाम मिळाले. ते घरच संगीतकारांचे! तिथे गिटार पुन्हा हाती आली. ती चुकलेली मुलगी, पेगी सीगर, मोठी झाल्यावर हे गाणे इंग्लंडमध्ये गाऊ लागली. तेथे दुसऱ्याच दोघांनी ते आपल्या नावावर नोंदवून टाकले, आणि १९५७ मध्ये ते लोकप्रिय झाले. कायदेशीर खटपट झाल्यानंतर बाईंचे नाव लागले. १९८५ मध्ये, वयाच्या नव्वदीत, त्यांना ग्रॅमी पारितोषिक मिळाले.

कॉपर बंधू, रिडल आणि कॉटन, तिघांचेही गाणे ‘विनामूल्य’ गेले. पण एकाच शब्दाखाली किती निराळ्या गोष्टी झाकल्या गेल्या! इंग्रजीत ‘फ्री’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत, फुकट आणि मुक्त. मला वाटते, पहिल्या अर्थाची परीक्षा दुसऱ्याने करावी. देणारा मुक्त होता काय? त्याला ‘नाही’ म्हणता आले असते काय? म्हणता येत असूनही त्याने दिले असेल, तर ती देणगी. म्हणताच येत नसेल, तर ती लूट; मग घेणाऱ्याच्या चेहऱ्यावर कितीही प्रेमळ हसू असो.

पूर्ण मुक्त देणगीही जगात आहे. शेफील्डच्याच आसपासच्या खेड्यांत नोव्हेंबरच्या मध्यापासून नाताळपर्यंत पबांतून नाताळची गाणी गाण्याची प्रथा आहे. एकोणिसाव्या शतकात चर्चमधल्या सुधारकांना ही गावठी गाणी नकोशी झाली. तेथून ती बाहेर पडली आणि त्यांना पबने आसरा दिला. तिथे गायक आणि श्रोता असा भेदच नाही. आलेला प्रत्येक जण गातो. आयर्लंडमध्ये पबात वादक कोंडाळे करून बसतात. त्यांची तोंडे एकमेकांकडे असतात, आपल्याकडे बहुधा पाठच. ते आपल्यासाठी वाजवीत नसतात. आपल्याला ऐकू देतात. अशा ठिकाणी पैशाची भाषा बोलणे म्हणजे आजीच्या हातच्या लाडवाचे बिल मागण्यासारखे आहे.

पण गाडीवर उभे राहून, सकाळपासून वाद्ये लावून, अनोळखी लोकांना रिझवणारा तरुण कोंडाळ्यातला नव्हे. बाराशे मैलांचा नसला तरी साठ मैलांचा प्रवास त्याने केलेला असतो, आणि घरभाडे त्यालाही भरावे लागते. त्याला ‘तुझे नाव होईल’ असे सांगणे, हे त्याच्या ‘नाही’ म्हणण्याच्या शक्तीचा अंदाज घेणे आहे. त्याला ठाऊक असते, की आपण नाही म्हटले तर दुसरा कुणी तयार आहे.

इथे मला आपल्याकडची ऋणांची जुनी कल्पना आठवते. देवऋण, पितृऋण आणि ऋषिऋण अशी तीन ऋणे घेऊन माणूस जन्मतो, असे आपले पूर्वज मानीत. त्यांतले ऋषिऋण मोठे चमत्कारिक आहे. ते ऋषींना परत देता येत नाही. ते केव्हाच गेले. शिकावे आणि पुढच्याला शिकवावे, तेव्हा ते फिटते. लोकगीताचे ऋण हे मला असेच वाटते. ज्याने पहिल्यांदा ते खलाशाचे गाणे रचले, त्याचे नावही उरलेले नाही. त्याला पैसे कुणी आणि कुठे पाठवायचे? त्याचे गाणे नीट ऐकावे, शिकावे, पुढे गावे, आणि नाव ठाऊक असेल तर ते उच्चारावे. त्या मुलीने कॉटनबाईंचे नाव घेतले तेव्हा तिने हेच ऋण फेडले.

तेव्हा गाण्याच्या मांडवात बसणाऱ्यावर दोन ऋणे असतात. एक समोर गाणाऱ्या जिवंत माणसाचे, ते नाण्यांत फेडायचे. दुसरे त्याच्या मागे उभ्या असलेल्या पूर्वजांचे, ते स्मरणात फेडायचे. पण आपण काय करतो? जिवंताला म्हणतो, ‘तुझे नाव होईल’, आणि मेलेल्याचे नाव पुसून त्याच्या गाण्याचे नाणे तिसऱ्याच्याच खिशात जाऊ देतो. अमेरिकेतल्या त्या जुन्या व्यवहारांत अन्याय झाला तो हा. लोकांनी किंमत दिली नाही असे नव्हे. ती चुकीच्या माणसाला, चुकीच्या चलनात दिली.

कुणी म्हणेल, “मास्तर, गाण्याला पैशाचा तराजू लावला की त्यातली पवित्रता गेली.” मला हे पटत नाही. आपल्याकडे पहाटे येणाऱ्या वासुदेवाला सुपातून धान्य घातल्याने त्याचे गाणे कधी अपवित्र झाले नाही. कीर्तनाच्या शेवटी आरतीच्या ताटात पैसे टाकतात, त्याने कीर्तनातली भक्ती आटली नाही. जुन्या माणसांनी देण्याला एक रीत घालून दिली होती: घेणाऱ्याला मागावे लागू नये आणि देणाऱ्याला मिरवता येऊ नये. ती फिरती बादली म्हणजे विलायतेतले आरतीचे ताटच. लाज वाटावी असे त्यात असलेच, तर ते आकाशाकडे पाहण्यात आहे. आणि ज्याच्या खिशात खरोखरच काही नाही, त्याने मन लावून ऐकावे, शेजाऱ्याशी बोलू नये, ध्रुपद आले की सूर मिळवावा. गरिबालाही देता येईल असे हे दान आहे.

दिवाळीच्या दिवसांत आपल्या गावोगावी आता पहाटेच्या मैफली होतात. त्यांपैकी कित्येकींच्या दारावर हाच फलक असतो. अवश्य जा, मुलाबाळांना, म्हाताऱ्या माणसांना घेऊन जा. गाणे ज्याला पैसे परवडत नाहीत त्याच्याही कानी पडावे, हा त्या फलकातला थोर हेतू आहे, आणि तो मोडावा असे मी कधीच म्हणणार नाही. पण घरी परतताना मुलांना एक प्रश्न विचारा: तबल्यावर कोण होते? नाव आठवत नसेल, तर परत वळून विचारून या. ते गाणे कुणाचे होते तेही विचारा. आणि जमल्यास संयोजकाला हळूच विचारा, की त्या तबलजीच्या हाती जाताना काय पडले. हे विचारायला थोडा संकोच वाटेल, थोडा वेळही लागेल. प्रवेशाचे मूल्य तेवढेच समजावे.